जपमाळ हातात, पात्रं डोक्यात

यावेळच्या पत्रांत एकच अडचण वेगवेगळ्या शब्दांत आली आहे. चार, सहा, आठ खंडांची कादंबरीमालिका लिहायला घेतलेले कॅथलिक वाचक विचारतात: प्रार्थनेला जो एकांत लागतो तोच लेखनालाही लागतो, मग कुणाला किती द्यायचा? पत्रं एकेक करून घेऊ.

प्रश्न: पहाटे पाच ते सात एवढाच वेळ माझा स्वतःचा. आधी जपमाळ घेऊन बसते, पण दुसऱ्या दशकापर्यंत (दशक म्हणजे दहा मण्यांचा गट) पोचते न पोचते तोच पुढच्या प्रकरणातले संवाद सुचायला लागतात. शेवटी धड जप होत नाही आणि लेखनही होत नाही. क्रम उलटा करू का?

उत्तर: उलटा करू नका. जपमाळेला शेवट ठरलेला आहे: पाच दशकं, सुरुवातीच्या तीन धरून 53 वेळा ‘नमो मरिया’, सावकाश म्हटली तरी वीस मिनिटं. लेखनाला असा शेवट नसतो. प्रकरण रंगलं की ते शेजारचा वेळही गिळतं. म्हणून ज्याला शेवट आहे ते आधी घ्या.

दोन तासांची वाटणी अशी करून पाहा. पहिली दहा मिनिटं त्या दिवसाचं शुभवर्तमान, म्हणजे येशूच्या चरित्रातला उतारा, दोनदा वाचायचं, दुसऱ्यांदा ओठ हलवत. मग वीस मिनिटं जपमाळ. मग पाच मिनिटं उठायचं, तोंडावर पाणी मारायचं, बसायची जागा बदलायची. ही पाच मिनिटं वाचवायला जाऊ नका, कारण त्याच खुर्चीत बसून राहिलं तर एका कामाचा धागा दुसऱ्यात अडकतो. उरलेल्या पंचाऐंशी मिनिटांतली शेवटची पाच उद्या कुठून सुरुवात करायची हे टिपायला ठेवा. मधल्या ऐंशी मिनिटांत पहिल्या खर्ड्याचे पाचशे शब्द आरामात होतात.

आता संवाद सुचण्याचं. चर्चचं धर्मशिक्षण याबाबत स्पष्ट आहे: विचलित करणाऱ्या विचारांच्या मागे लागून त्यांना हुसकावत बसणं हाच खरा सापळा आहे, मन शांतपणे परत वळवलं की पुरे. तेव्हा लढू नका, पण टिपूनही ठेवू नका. लेखकाने वही सतत जवळ बाळगावी असं सगळे सांगतात. जपाच्या वेळी मात्र वही दुसऱ्या खोलीत असावी असं आमचं ठाम मत आहे. जप चालू असताना एक ओळ जरी उतरवली तरी मनाला कळतं की या वेळेला इथे काहीतरी मिळतं. आठवड्याभरात जपमाळ ही कथानक सुचण्याची बैठक होते. हरवण्याची भीती वाटते तेवढं काही हरवत नाही. वीस मिनिटांत शब्द निसटतील, प्रसंग निसटत नाही.

तरीही मन धावतंच असेल तर कल्पनाशक्तीला काम द्या. कादंबरीकाराची कल्पनाशक्ती रिकामी बसत नाही. संत इग्नेशियस लोयोला यांनी ध्यानाआधी ती जागा डोळ्यांसमोर उभी करायला सांगितली आहे, तीच रीत प्रत्येक दशकाला लावा, कारण दर दशकात येशू-मरियेच्या आयुष्यातला एक प्रसंग, म्हणजे ‘रहस्य’, मनात धरायचा असतो. येशूने पाण्याचा द्राक्षारस केला ते काना गावचं लग्न असेल तर दगडी रांजण सहा, प्रत्येकात साधारण 80 ते 120 लिटर पाणी. ते भरायला नोकरांना किती खेपा पडल्या असतील? एका दशकाला असा एकच तपशील, त्याहून जास्त नको, नाहीतर तीही कादंबरीच होईल. आणि काहीच जमत नसेल तर पुस्तक उघडा. अविलाच्या संत तेरेसा कितीतरी वर्षं पुस्तक हाताशी असल्याशिवाय प्रार्थनेला बसायला धजावत नसत.

एक अपवाद आहे. जपात वारंवार येणारं पात्र आजारी बाप असेल, दुरावलेली बहीण असेल, तर आधी पाहा की ते पात्र आहे की तुमच्याच घरातलं माणूस. त्याला हाकलू नका. ते दशक त्या माणसासाठी म्हणा.

प्रश्न: लेखन हीच माझी प्रार्थना, असं मी मानतो. वेगळी प्रार्थना हवीच का?

उत्तर: हवी. सकाळी दिवसाचं काम देवाला अर्पण केलं की ते काम पवित्र होतं, यात शंका नाही. पण लिहिताना तुम्ही पात्रांशी आणि वाचकाशी बोलत असता. देवाशी बोलणं आणि त्याचं ऐकणं ही गोष्ट वेगळी, तिला वेगळी वेळ लागते. संत बेनेडिक्ट यांनी मठवासीयांसाठी लिहिलेल्या नियमात श्रमाचे तास आणि वाचन-प्रार्थनेचे तास वेगळे लावून दिलेले आहेत, आणि प्रार्थनेची खूण ऐकू येताच हातातलं काम टाकून निघायचं, असं स्पष्ट लिहिलेलं आहे. त्याच्याही आधी, पाचव्या शतकात, जॉन कॅसियन यांनी इजिप्तमधल्या मठवासीयांबद्दल लिहून ठेवलं आहे: लिहिण्याचं काम करणारा बंधू हाक ऐकली की सुरू केलेलं अक्षरही पुरं करत नसे.

हीच कसोटी तुम्ही लावा. ठरलेल्या वेळी वाक्य अर्धं सोडून उठता येत असेल तर तुमचं काम खरोखर अर्पण केलेलं आहे. उठता येत नसेल तर ते अजून तुमच्याच मालकीचं आहे. अर्धं सोडलेलं वाक्य दुसऱ्या दिवशी सुरुवातीला फार उपयोगी पडतं, हा वरचा लाभ.

प्रश्न: तिसऱ्या खंडातला माझा खलनायक खून करतो, व्यभिचार करतो, देवाची निंदा करतो. हे लिहिताना मीच पापात पडते का? पापनिवेदनात, म्हणजे धर्मगुरूंजवळ पापं कबूल करताना, हे सांगायचं का?

उत्तर: पापाचं वर्णन म्हणजे पाप नव्हे. पवित्र शास्त्रात दावीद राजाचा व्यभिचार आणि त्या स्त्रीच्या नवऱ्याचा, उरीयाचा, खून काहीही न झाकता सांगितला आहे. शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकाचा अकरावा अध्याय लेखक म्हणून उघडून वाचा. व्यभिचाराला एकच वचन मिळालं आहे. तो लपवण्याची धडपड मात्र ओळीमागून ओळी चालते: उरीयाला घरी पाठवण्याचा प्रयत्न, त्याला पाजणं, आणि शेवटी त्याच्याच हाती त्याच्या मरणाचं पत्र. जोर कृतीवर नाही, कृतीनंतर माणसाचं काय होत जातं त्यावर आहे. तुमच्या खलनायकाला हेच माप लावा.

भारी पापाला तीन गोष्टी लागतात: विषय गंभीर असणं, पूर्ण जाणीव असणं आणि मनापासून संमती असणं. पात्राच्या तोंडचा विचार तुमच्या डोक्यातून जाणं म्हणजे संमती नव्हे. धोका दुसरीकडे आहे. प्रसंग पुरा झाल्यावरही तो चवीसाठी पुन्हा पुन्हा वाचला जातो, कथेला लागतो त्याहून लांबवला जातो, तेव्हा ती वासना पात्राची राहत नाही. यावर आवर घालायची रीत साधी आहे. असा प्रसंग एकाच बैठकीत, दिवसाउजेडी, वेळ लावून लिहा. रात्री उशिरा एकटं बसून लिहू नका. संपला की स्तोत्र 51 म्हणा, परंपरेने ते दावीदाच्या याच पापानंतरचं मानलं जातं. मग तीन दिवस पान उघडायचं नाही. चौथ्या दिवशी वाचताना ज्या वाक्याशिवाय कथा अडत नाही ते खोडा. अशा प्रसंगाचा बराचसा भाग खोडला जातो आणि उरतो तो जास्त भेदक असतो.

पापनिवेदनात पात्राची पापं सांगायची नसतात, आपली सांगायची. ‘लिहिताना अमुक विचारात मी मुद्दाम रेंगाळले’ एवढं वाक्य पुरतं, धर्मगुरूंना कथानक ऐकवण्याची गरज नाही. आणि एकाच प्रसंगाबद्दल दर वेळी शंका येत असेल तर धर्मगुरू बदलत राहू नका. एक निवडा आणि ते म्हणतील ते माना. अतिसंशयी मनाला जुन्या गुरूंनी हाच उपाय सांगितला आहे.

याच्या उलट चूक आम्हाला जास्त दिसते. भीतीपोटी खलनायक पुठ्ठ्याचा केला जातो आणि शेवटच्या प्रकरणात त्याला गुडघ्यांवर आणलं जातं. मालिका वाचणारा माणूस हजारो पानं तुमच्याबरोबर चाललेला असतो, त्याला ही घाई लगेच कळते. तिसऱ्या खंडात काही पेरलं नसेल तर सहाव्यात पश्चात्ताप उगवणार नाही. देवाने दिलेली संधी पात्र नाकारतं, असे दोन-तीन प्रसंग आधीच्या खंडांत हवेत. नाकारलेली कृपा दिसली की स्वीकारलेली कृपा पटते.

प्रश्न: माझ्या मालिकेचं जग काल्पनिक आहे, त्यात जादू आहे. चालेल का?

उत्तर: चर्च मनाई करतं ती खऱ्या आयुष्यात भविष्य पाहण्याची, मृतांना बोलावण्याची, मंत्रतंत्राने शक्ती मिळवण्याची. कल्पित जगातली कल्पित शक्ती हा कथेचा नियम आहे, उपासना नव्हे. अभ्यास म्हणून खरे विधी करून पाहायला मात्र जाऊ नका.

प्रश्न: रविवारी लिहिलं तर चालतं का?

उत्तर: चर्चच्या कायद्यातला कॅनन (कलम) 1247 रविवारी मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेला, उपस्थित राहायला सांगतो, आणि जे काम उपासनेच्या, त्या दिवसाच्या आनंदाच्या आणि शरीरामनाच्या विश्रांतीच्या आड येतं ते टाळायला सांगतो. शनिवारी संध्याकाळच्या मिस्सेनेही हे कर्तव्य पुरं होतं, म्हणून काही लेखक शनिवारीच मिस्सा आटपून रविवार अख्खा लेखनाला मोकळा करून घेतात. कायदा मोडत नाही, पण विश्रांतीही होत नाही. तुमच्यासाठी लेखन हे मुदतीचं काम असेल तर रविवारी बंद ठेवा. छंद असेल तरी शब्द मोजू नका. वाचा, घरच्यांशी बोला.

प्रश्न: ईस्टरआधीच्या उपवासकाळात लेखनाचा त्याग करावा असं मनात येतं. पण सहा आठवडे तुटले की मालिकेचा सूर जातो. काय करावं?

उत्तर: राखेच्या बुधवारपासून पवित्र शनिवारपर्यंत 46 दिवस होतात, सहा रविवार वगळले की 40. एवढे दिवस पान बंद ठेवलं तर सूर जातो, हे खरं आहे. आमचा सल्ला: या काळात नवा खर्डा थांबवा आणि फेरलेखन करा. आवडतं वाक्य कापणं, पहिल्या खंडात दिलेलं आणि विसरलेलं वचन शोधून काढणं, हे उपवासकाळाला शोभणारं काम आहे. नव्या प्रसंगाची नशा त्यात नसते, म्हणून प्रार्थनेला लक्षही जास्त उरतं. शुक्रवारी लेखनाच्या वेळेतली वीस मिनिटं क्रूसाच्या वाटेला, म्हणजे येशूच्या क्रूसयात्रेच्या प्रार्थनेला, द्या. गुड फ्रायडेला वही उघडू नका.

हिशेब जमतो का ते पाहा. वर्षाचे 52 आठवडे. त्यातून उपवासकाळाचे सात, नाताळ आणि ईस्टरनंतरचा एकेक, आजारपण आणि घरच्या कामांना तीन असे बारा गेले. उरले 40. आठवड्याला पाच दिवस, दिवसाला 500 शब्द म्हणजे वर्षाला एक लाख. वर्षाला एक भरदार खंड होतो, सहा खंडांना सहा वर्षं. हे हळू वाटेल. पण मालिका कुठे मोडते? दोन महिने रोज दीड-दोन हजार शब्द लिहिले जातात, त्यासाठी आधी जपमाळ सुटते, मग मिस्सा घाईची होते, मग झोप कमी पडते आणि तिसऱ्या महिन्यात लेखनही बंद पडतं. सहा वर्षं टिकायचं तर आकडा लहान हवा.

प्रश्न: कादंबरीला बिशपांची परवानगी लागते का?

उत्तर: सामान्य भाविकाच्या कादंबरीला लागत नाही. धर्मशिक्षणाची पुस्तकं, शाळांत वापरायची धर्मविषयक पाठ्यपुस्तकं, प्रार्थनापुस्तकं यांना ती लागते. चर्चच्या निषिद्ध पुस्तकांच्या यादीचा कायदेशीर अंमल 1966 मध्ये संपला. तुम्ही व्रतस्थ, म्हणजे एखाद्या धर्मसंघाचे सदस्य, असाल आणि धर्म वा नीतीच्या प्रश्नांवर लिहीत असाल तर वरिष्ठांची परवानगी घ्यावी लागते. जाणकार धर्मगुरूंना हस्तलिखित दाखवणं मात्र केव्हाही चांगलं. ते ‘चुका शोधा’ म्हणून दाखवा, ‘आशीर्वाद द्या’ म्हणून नव्हे.

प्रश्न: माझी मालिका एका कॅथलिक घराण्याची, 1935 ते 1990. धार्मिक तपशिलांत कुठे चुका होतात?

उत्तर: सगळ्यात जास्त चुका होतात त्या आजचं चर्च जसंच्या तसं मागे नेल्याने. 1940 च्या दशकातली आजी सकाळी घोटभर पाणी पिऊन मिस्सेला जाते आणि ख्रिस्तशरीर (मिस्सेत दिली जाणारी पवित्र भाकर) स्वीकारते, असा प्रसंग चुकीचा. तेव्हा मध्यरात्रीपासून पाणीही वर्ज्य होतं. पाण्याची मोकळीक 1953 मध्ये मिळाली, 1957 मध्ये उपवास तीन तासांवर आला आणि 1964 मध्ये एका तासावर. संध्याकाळची मिस्साही 1953 पूर्वी सहसा नसे. पुनरुत्थानाचा, म्हणजे ईस्टरचा, जागरणविधी 1951 पूर्वी शनिवारी सकाळी होत असे. रात्रीचा विधी त्या वर्षी प्रयोग म्हणून सुरू झाला आणि 1956 पासून पवित्र आठवड्याची नवी रचना सगळीकडे लागू झाली. त्यामुळे 1938 सालच्या काळोख्या चर्चमध्ये मध्यरात्री मेणबत्त्या पेटवणारं तुमचं सुंदर प्रकरण कापावं लागेल. लोकभाषेतली मिस्सा 1960 च्या दशकाच्या मध्यापासून येत गेली, आणि नव्या रचनेची मिस्सा 30 नोव्हेंबर 1969 ला, नाताळाआधीच्या आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी, सुरू झाली. जपमाळेतली प्रकाशाची रहस्ये पोप संत जॉन पॉल दुसरे यांनी 2002 मध्ये जोडली, तुमच्या मालिकेत ती कुठेच येणार नाहीत.

काही गोष्टी काळाने बदलत नाहीत. गुड फ्रायडेला मिस्सा होत नाही. उपवासकाळात ‘आलेलुया’ म्हणत नाहीत. तातडीच्या प्रसंगी बाप्तिस्मा कुणीही देऊ शकतं, नर्स वा शेजारीसुद्धा, मात्र पाणी, योग्य शब्द आणि चर्च जे करतं ते करण्याचा हेतू हवा. आणि पापनिवेदनाची गुप्तता. रहस्यकथेचा अर्धा डोलारा यावर उभा केला जातो आणि तिथेच तो कोसळतो. धर्मगुरू ऐकलेलं सांगू शकत नाहीत, सूचकपणेही नाही, आणि त्या माहितीचा वापर निवेदन करणाऱ्याचं नुकसान होईल असाही करू शकत नाहीत. म्हणजे ‘फादरांनी इन्स्पेक्टरकडे नुसतं पाहिलं आणि इन्स्पेक्टर समजला’ हाही भंगच. तुमच्या कथेतले धर्मगुरू असं करणार असतील तर ते घोर अपराध करताहेत हे त्यांना आणि वाचकाला ठाऊक असायला हवं.

यावर उपाय एकच, मालिकेची वही. प्रत्येक धार्मिक प्रसंगाला एक ओळ: साल, तारीख, वार, उपासनेचा काळ, धर्मगुरूंच्या वस्त्रांचा रंग. ईस्टरची तारीख दरवर्षी हलते, म्हणून आधी तीच लिहा. 1940 मध्ये ईस्टर 24 मार्चला होता, 1943 मध्ये थेट 25 एप्रिलला. म्हणजे 10 एप्रिलचं लग्न 1940 मध्ये ईस्टरच्या आनंदात पडतं आणि 1943 मध्ये उपवासकाळात, जेव्हा विवाहाचा समारंभी आशीर्वाद त्या काळच्या कायद्याने वर्ज्य होता. एवढ्या एका तारखेवरून घराण्यात भांडण पेटू शकतं. तपशील तपासताना कधी कधी कथानक असं हाती लागतं.

प्रश्न: चौथ्या खंडावर अडकले आहे. प्रार्थनाही सहा महिने कोरडी आहे. ही मालिका देवालाच नको असेल का? सोडून देऊ?

उत्तर: आत्ता सोडू नका. संत इग्नेशियस यांचा नियम आहे: मन उजाड असताना आधीचा निर्णय बदलू नये, मन शांत असताना जो ठरवला होता त्यावर टिकून राहावं. अडलेलं प्रकरण म्हणजे देवाचा नकार असं धरून चालू नका. चौथा खंड अडण्याची कारणं बहुतेक वेळा साधी असतात. पहिल्या तीन खंडांत उघडलेले धागे मोजलेले नसतात. एका दुपारी बसून ते सगळे एका कागदावर काढा. बारापेक्षा जास्त निघाले तर चौथ्यात निदान तीन बांधून टाका, नवा एकही उघडू नका.

प्रार्थनेसाठी रात्री दहा मिनिटं आत्मपरीक्षण करा: आभार, प्रकाशाची याचना, दिवसावर नजर, झाल्या चुकीचं दुःख, उद्याचा एक निश्चय. त्याखाली दोन ओळी लिहा, एक प्रार्थना कशी झाली याची, एक लेखन कसं झालं याची. सहा आठवड्यांनी दोन्ही रांगा शेजारी ठेवून वाचा. दोन्ही एकाच दिवशी कोरड्या पडत असतील तर आधी झोपेकडे पाहा. दुसऱ्याचं पुस्तक गाजल्याच्या दिवशी प्रार्थना बिनसत असेल तर तो मत्सर आहे, आणि त्याला नाव देऊन पापनिवेदनात सांगता येतं. लेखन ठीक आणि प्रार्थनाच कोरडी असेल तर ही नोंद घेऊन आध्यात्मिक मार्गदर्शकाकडे जा. मालिका सोडायचा विचार पुढे कधी शांत मनाने, त्यांच्याशी बोलून केलात तर तो खुशाल अमलात आणा.

तोवर वेळ कापू नका. कोरडेपणात माणूस वीस मिनिटांची पंधरा करतो. इग्नेशियस नेमकं उलट सांगतात: ठरल्यापेक्षा थोडा जास्तच वेळ बसावं. वीस ठरली असतील तर एकवीस मिनिटं बसा.